जोधपूरहून थरच्या वाळूत: सात दिवसांची सहल कशी आखावी

वाळवंटाची सहल आखताना बहुतेक जण आधी हॉटेलं बुक करतात, मग गाडी ठरवतात आणि वाळूला उरलेली एक संध्याकाळ देतात. शहरातून निघायला उशीर होतो, वाटेत एखादं ठिकाण लांबतं आणि उंटावर बसेपर्यंत सूर्य टेकलेला असतो. राजस्थानात जाऊन आलेल्या कितीतरी कुटुंबांच्या आठवणीत वाळवंट म्हणजे अंधारात काढलेले चार फोटो आणि डीजेचा आवाज, एवढंच उरतं. म्हणून आखणीची सुरुवात उलट्या टोकाने करा. वाळूच्या टेकडीवर किती वाजता पोहोचायचं ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत मुंबई-पुण्यापर्यंत या.

इथे धरलेला मार्ग असा: जोधपूरला दोन दिवस, फलोदीजवळच्या खीचनवरून जैसलमेर, मग एक रात्र वाळूत, एक संध्याकाळ राखीव, एक दिवस सीमेकडे आणि परतीचा दिवस. चार दिवसांतही हे उरकता येतं, पण मग जोधपूर कापावं लागतं, आणि तिथेच मोठं नुकसान होतं. कारण पुढे लिहिलं आहे.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ चांगला. त्यातही नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते १५ डिसेंबर, किंवा १० जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य. दिवाळीच्या सुट्टीत मुलांची शाळा बंद असते म्हणून आपल्याकडचे लोक तेव्हा निघतात, पण त्या दिवसांत दुपारचं ऊन अजून भाजतं आणि गुजरातमधून येणारी गर्दीही त्याच आठवड्यात असते. २० डिसेंबर ते ५ जानेवारी हा काळ शक्यतो टाळाच. दर वाढलेले असतात, वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या, जैसलमेरजवळच्या सम गावाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि वाळूवर रिकामी जागा शोधावी लागते. एप्रिलपासून पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि धुळीची वादळं सुरू होतात. तेव्हा लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा बेत करूच नका.

तारखा ठरवताना घरच्या भिंतीवरचं कालनिर्णय उघडा. तारे बघायचे असतील तर वाळूतली रात्र अमावस्येच्या मागेपुढे तीन दिवसांत यायला हवी. चांदण्यात वाळूवर चालायचं असेल तर शुद्ध एकादशी ते पौर्णिमा. दोन्ही एका रात्रीत मिळत नाही, त्यामुळे घरात आधी एकमत करा. माघ पौर्णिमेला संपणारा जैसलमेरचा मरु महोत्सव बघायचा असेल तर मुक्कामाच्या जागा दोन-तीन महिने आधी धरा. तो बघायचा नसेल तर नेमके तेच दिवस सोडा.

राजस्थानात हिवाळी पावसाला ‘मावठ’ म्हणतात, आपल्याकडच्या मावठ्यासारखाच शब्द. डिसेंबर-जानेवारीत एक-दोनदा तरी ढग येतात, थोडा पाऊस पडतो आणि पाठोपाठ थंडीची लाट येते. वाळूसाठी एक संध्याकाळ राखीव ठेवायची ती याचसाठी.

पोहोचायचं कसं

मुंबईकरांसाठी सूर्यनगरी एक्स्प्रेस सोयीची. बांद्रा टर्मिनसहून दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जोधपूरला पोहोचवते, म्हणजे पहिला दिवस पूर्ण हाताशी येतो. पुण्याहूनही जोधपूरला थेट गाडी आहे. परतीसाठी जैसलमेरहून बांद्र्याला आठवड्यातून एकदाच थेट गाडी असते. तिचा वार आधी पाहा आणि सगळी सहल त्या वाराला बांधा, नाहीतर परतताना जोधपूरपर्यंतचा जवळपास पूर्ण दिवस पुन्हा प्रवासात जातो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. हिवाळ्यातली तिकिटं लवकर संपतात, तेव्हा पहिल्याच सकाळी बसा. जैसलमेरला विमानतळ आहे, पण तिथली उड्डाणं मुख्यतः पर्यटनाच्या हंगामापुरती असतात. जोधपूरचं विमान जास्त भरवशाचं.

जोधपूर: वाळवंट ओळखायला शिकण्याचं शहर

मेहरानगड पाहायला सकाळी नऊलाच दारात उभे राहा. राव जोधाने १४५९ मध्ये पाया घातलेला हा किल्ला नीट बघायला तीन तास लागतात, आणि अकरानंतर सहलींच्या बस येतात. चढ मोठा आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी आत लिफ्ट आहे, तिचं तिकीट वेगळं.

किल्ल्याला खेटूनच राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. बहुतेक टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात ते नसतं. तुम्ही ते चुकवू नका. साधारण ७० हेक्टर ज्वालामुखीय खडकावर विलायती बाभळीने कब्जा केला होता. २००६ पासून ती मुळापासून काढून थरची मूळ झाडं पुन्हा लावली गेली. खडकात रुजलेलं हे झाड छाटून मरत नाही, पुन्हा फुटतं. म्हणून खडक फोडण्यात मुरलेल्या खाणकामगारांना बोलावून छिन्नी-हातोड्याने मुळं खणून काढावी लागली. इथे तासभर माहितगाराबरोबर फिरलात की थोर, खींप, फोग, केर, रोहिडा अशी दहा-बारा झाडं ओळखता येऊ लागतात. पुढचे पाच दिवस गाडीच्या खिडकीतून जे ‘नुसतं झुडूप’ दिसलं असतं, त्याला नाव मिळतं. केरची फळं तर रात्री ताटात येतात: केर-सांगरीच्या भाजीत. त्यातली सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शमीसाठी खेजडलीला जा. गाव जोधपूरपासून २५ किलोमीटरच्या आसपास. १७३० मध्ये राजाच्या माणसांनी खेजडीची झाडं तोडायला घेतली, तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई माणसांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले. गावात स्मारक आहे. जवळच्या गुडा बिश्नोईच्या तळ्यावर काळवीट आणि चिंकारा माणसापासून फार लांब पळत नाहीत, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथे त्यांना कोणी मारलेलं नाही. सकाळी सात ते नऊ ही तिथली वेळ. दहानंतर जनावरं सावलीला जातात.

इथे एक सावधगिरी. ‘व्हिलेज सफारी’त पाहुण्यांसमोर अफू घोळण्याचा विधी करून दाखवतात आणि ओंजळीत घोट देतात. परंपरा जुनी असली तरी अफूचं सेवन कायद्याने गुन्हा आहे. हात जोडून ‘नको’ म्हणा, कोणी वाईट मानत नाही. गाडी ठरवतानाच ‘विधी नको, जनावरं आणि गाव दाखवा’ असं सांगितलं तर त्यावर जाणारा अर्धा तासही वाचतो.

दुपारी वेळ असेल तर शहराबाहेरचं अरणा-झरणा संग्रहालय बघा. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी उभं केलेलं. तिथे केरसुण्या मांडल्या आहेत: कोणत्या भागात कोणत्या गवताची, घरातली वेगळी, अंगणातली वेगळी, खळ्यातली वेगळी. केरसुणीवरून जमीन ओळखता येते हे तिथे उभं राहिल्यावर पटतं. संध्याकाळ तूरजी का झालरा या अठराव्या शतकातल्या बारवेवर आणि मग घंटाघरापाशी. मिरची वडा आणि मावा कचोरी दोन्ही एकाच वेळी खाऊ नका, दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं आहे.

तिसरा दिवस: खीचनवरून जैसलमेर

जोधपूर ते जैसलमेर सरळ गेलं तर सुमारे २८० किलोमीटर, साडेचार ते पाच तास. त्याऐवजी फलोदीच्या वाटेने गेलं तर अंतर थोडंच वाढतं, पण दिवसाचं सोनं होतं. फलोदीजवळच्या खीचन गावात हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे उतरतात. तिथे त्यांना कुरजां म्हणतात. ऑगस्टच्या अखेरीपासून येऊ लागतात, मार्चमध्ये परततात. गावकरी त्यांच्यासाठी ज्वारीचे दाणे टाकतात. त्यासाठी कुंपण घातलेलं चुग्गाघर आहे. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर पाणथळ म्हणून दर्जा मिळाला.

पक्षी सकाळी दाण्यावर येतात आणि उन्हं चढली की तळ्याकडे सरकतात. जोधपूरहून खीचन साधारण १४५ किलोमीटर आहे, म्हणून पहाटे पाचला निघा. आठपर्यंत पोहोचाल. चुग्गाघराच्या भिंतीजवळ मोठ्याने बोलू नका, भडक रंगाची शाल उडवत उभे राहू नका. एक पक्षी दचकला की सगळा थवा उठतो आणि परत बसायला वेळ घेतो. गावातल्या घरांच्या गच्चीवरून छान दिसतं. मालकाला विचारून चढा आणि उतरताना दाण्यासाठी काहीतरी देऊन या. मुशाफिरी करत आलेले हे पक्षी दर वर्षी त्याच गावात परततात ते त्या दाण्याच्या जोरावर.

पुढे रामदेवरा, मग पोखरण. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्या याच तालुक्याच्या परिसरात झाल्या, पण ती जागा लष्करी आहे, बघायला मिळत नाही. पोखरणला जेवण, मग ११० किलोमीटर सरळ रस्ता. सरळ रस्त्यावर झोप लागते आणि मध्येच गुरं, उंट, नीलगाय आडवी येतात. म्हणून चालकाला पोखरणला अर्धा तास पडू द्या आणि सूर्यास्तानंतर या रस्त्यावर गाडी चालवण्याचा बेत ठेवू नका. वाळू वाहून रस्त्यावर आलेली असेल तर वेग आधीच कमी करा. तिच्यावर ब्रेक दाबला की गाडी घसरते.

जैसलमेरचा किल्ला आणि तिथे राहण्याचा प्रश्न

११५६ मध्ये रावळ जैसलने वसवलेल्या या किल्ल्यात आजही माणसं राहतात. किल्ल्यात शेकडो वर्षांची घरं आहेत आणि त्यांतली बरीच गेस्ट हाउस झाली आहेत. दर कमी, गच्चीवरून दृश्य सुंदर. तरीही मुक्काम किल्ल्याखालच्या शहरातच करा. पिवळ्या वालुकाश्माचे हे दगड ज्या टेकडीवर बसले आहेत तिच्यात पाणी शोषून फुगणारी माती आहे. किल्ला बांधला तेव्हा पाणी घागरीने वर यायचं. आता नळाने येतं आणि न्हाणीघरांतून खाली मुरतं. त्या पाण्याने पाया हलतो, काही बुरूज ढासळलेही आहेत. तिथल्या खोलीतली प्रत्येक आंघोळ त्या पायात जाते. खालच्या शहरात, किल्ल्यासमोरची गच्ची असलेल्या खोल्या मिळतात. तिथून किल्ला पूर्ण दिसतो, जो किल्ल्यात राहून दिसत नाही.

किल्ला चौथ्या दिवशी सकाळी साडेसात ते अकरा. अखे पोळपासून चार दरवाजे चढत जा. आतली जैन मंदिरं इतर पाहुण्यांना सकाळच्याच वेळात उघडी असतात, दुपारी गेलात तर दार बंद मिळतं. चामड्याचा पट्टा, पाकीट आत चालत नाही. पटव्यांची हवेली (पहिली १८०५ च्या सुमारास सुरू झाली) बघायला तासभर. इतर हवेल्या बाहेरून बघितल्या तरी चालतं.

वाळूतली रात्र: सम की खुडी

जैसलमेरभोवती बहुतांश जमीन खडकाळ माळ आहे. झुळझुळीत वाळूच्या टेकड्या ठरावीक ठिकाणीच. पश्चिमेला ४० किलोमीटरवरचं सम सगळ्यांना माहीत. नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवरचं खुडी त्या मानाने शांत. समच्या टेकड्या मोठ्या आणि उघड्या, खुडीच्या थोड्या बुटक्या, मधूनमधून झुडपं असलेल्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मुक्काम खुडीला करावा आणि सम राखीव संध्याकाळी बघावं. नाच-गाण्याचा मोठा कार्यक्रम, जीप, पॅरासेलिंग हवं असेल तर मात्र समच बरं.

समच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून गाडीच्या बाजूने धावत ‘कॅम्प, कॅम्प’ ओरडणारे लपके भेटतात. काच खाली करू नका, चालकालाही आधीच बजावा. राहण्याची जागा घरूनच ठरवून जा आणि फोनवर हे प्रश्न विचारून उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या:

वाळूची टेकडी तंबूपासून चालत किती मिनिटं? (‘सम’ म्हणून विकले जाणारे पुष्कळ तंबू समच्या अलीकडे, कनोई गावाच्या आसपास रस्त्याला लागून असतात. तिथून वाळूपर्यंत पुन्हा गाडी करावी लागते.) माणशी रजया किती? एक पुरत नाही, दोन हव्यात. गरम पाणी किती ते किती? स्पीकर किती वाजता बंद होतो? उंट दरात धरला आहे का, आणि फेरी किती वेळाची? बऱ्याच ठिकाणी ‘कॅमल राइड’ म्हणजे पंधरा-वीस मिनिटं असते. दीड तासाची हवी असेल तर तसं सांगावं लागतं आणि वेगळे पैसे पडतात.

आता वेळ मागे मोजू. थर देशाच्या पश्चिम टोकाला असल्याने डिसेंबरात सूर्यास्त पावणेसहा ते सहाच्या दरम्यान होतो, फेब्रुवारीच्या मध्याला साडेसहाच्या पुढे. डिसेंबरचा दिवस धरा. वाळूचा रंग सर्वांत सुंदर असतो तो सूर्य मावळण्याआधीचा पाऊण तास. म्हणजे पाचला माथ्यावर. दीड तासाची उंटावरची फेरी, म्हणून साडेतीनला उंटापाशी. सामान टाकून चहा घ्यायला अर्धा तास, म्हणजे तीनला तंबूत. जैसलमेरहून तासाभराचा रस्ता आणि निघताना नेहमी लागणारा जादा अर्धा तास धरून दीडला खोली सोडा. जेवण साडेबाराला. हे गणित एकदा कागदावर मांडलं की सकाळी किल्ल्यात काय सोडायचं ते आपोआप ठरतं.

उंटावर बसताना

उंट उठतो तेव्हा आधी मागचे पाय सरळ करतो. त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो. मागे झुका आणि खोगिराची पुढची मूठ दोन्ही हातांनी धरा. मग पुढचे पाय उठतात आणि झटका उलटा बसतो. खाली बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागेच झुकायचं. पडण्याचे प्रकार बहुतेक याच दोन क्षणी होतात, आणि ते फोटो काढायला एक हात सुटलेला असतो म्हणून. फोन खिशात ठेवा, उंट उभा राहिल्यावर काढा.

बसायच्या आधी खोगिराचा पट्टा आणि खालची गोधडी बघा. गोधडी सरकलेली असेल, उंटाच्या पाठीवर किंवा नाकाच्या नकेलीपाशी जखम असेल तर दुसरा उंट मागा. असा आग्रह पाहुण्यांनी धरला तरच मालक लक्ष देतो. दोर ओढायचा नाही, तो नाकाला बांधलेला असतो. रिकीब नसली तर पाय लोंबकळून मांड्या भरतात. अर्ध्या तासाने पाच मिनिटं उतरून चाला. जीन्सच्या शिवणी टोचतात, सैल सुती पायजमा किंवा सलवार बरी. लहान मूल पुढ्यात घेऊन बसण्यापेक्षा वेगळ्या उंटावर मालकाबरोबर बसवा. कंबरदुखी असणाऱ्यांनी उंटगाडी घ्यावी.

वाळूवर

टेकडीची एक बाजू उताराची, घट्ट असते: तिकडून वारा येतो. दुसरी कड तीव्र आणि ढासळती. चढायचं घट्ट बाजूने. तीव्र बाजूने चढायला गेलं की एक पाऊल पुढे, अर्धं मागे. वारा असेल तेव्हा माथ्याच्या कडेवर गुडघ्याएवढ्या उंचीवर वाळू धावताना दिसते. कॅमेरा खाली ठेवला तर लेन्सच्या कडीत ती शिरलीच. लेन्स वाळूवर बदलू नका. फोन जाड प्लास्टिकच्या पिशवीत.

भुरट नावाचं एक गवत आहे. पावसाळ्यानंतर वाळतं आणि त्याची काटेरी बोंडं वाऱ्याने वाळूवर पसरतात. एकेक बोंड मुगाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठं, चहूबाजूंनी बारीक उलटे काटे. लोकरीच्या मोज्यात अडकलं की बोटाने ओढताना काटा बोटात मोडतो. म्हणून मोजे गुळगुळीत सुती घ्या, फ्लीसची पँट टाळा आणि एक छोटा चिमटा खिशात ठेवा. झुडपांच्या आसपास अनवाणी चालू नका, उघड्या वाळूवर चाला.

आपल्या कोकणातलं फुरसं थरमध्येही आहे. थंडीत ते सहसा बाहेर पडत नाही, पण ऑक्टोबर आणि मार्चमध्ये अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. सकाळी बूट झटकून घाला. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही नको. हात-पाय स्थिर ठेवून थेट जैसलमेरचं जिल्हा रुग्णालय.

दिवसा २४-२५ अंश आणि पहाटे पाचच्या खाली, असा फरक एकाच दिवसात पडतो. वाळू लवकर तापते तशी लवकर निवते. सूर्य गेल्यावर अर्ध्या तासात स्वेटर लागतो, रात्री कानटोपी आणि मोज्यांशिवाय झोप येत नाही. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, रात्री तो रजईत घ्या. हवा इतकी कोरडी असते की घाम दिसत नाही आणि तहान लागत नाही. डोकं दुखू लागलं की समजायचं पाणी कमी पडलं. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी आणि एक जलसंजीवनीचं पाकीट. व्हॅसलीन ओठांनाही आणि नाकाच्या आतूनही लावा, नाकातून रक्त येणं त्यामुळे टळतं.

रात्री मांगणियार लोकगायक आले तर कॅम्पवाल्याला स्पीकर बंद करायला सांगा. कमायचा आणि खडताल या त्यांच्या वाद्यांना विजेची गरज नाही. दहा माणसांच्या घोळक्यात तो आवाज नुसता ऐकला की कळतं. पैसे थेट गाणाऱ्यांच्या हातात द्या.

सकाळी सूर्योदय साडेसातच्या आसपास होतो, त्यामुळे फार लवकर उठावं लागत नाही. साडेसहाला बाहेर पडा. रात्रभरात वाऱ्याने कालची पावलं पुसलेली असतात आणि वाळूवर नव्या खुणा असतात: शेणकिड्याची दुहेरी शिवण, जर्बिल उंदराच्या उड्या, कोल्ह्याची एका ओळीतली पावलं. पहिली जीप येईपर्यंतच त्या दिसतात.

स्वतःची गाडी वाळूत घालू नका. घातलीच आणि चाक रुतलं, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबून चाक फिरवत बसू नका, दर फेरीला ते आणखी खाली जातं. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू हाताने काढा, हवा १५-१८ पीएसआयवर आणा, आलेल्या चाकोरीतूनच हळू रिव्हर्स घ्या. डांबरी रस्त्यावर पोहोचल्यावर वेगाने जायच्या आधी हवा भरा, नाहीतर टायर तापून फाटतो. म्हणून हवा भरायचा छोटा पंप गाडीत असावा.

राखीव संध्याकाळ

पाचव्या दिवशी अकरापर्यंत शहरात परत. दुपारी अडीचला समच्या बाजूला निघा आणि आधी कुलधरा बघा. जैसलमेरपासून १८ किलोमीटर, मुख्य रस्त्यावरून थोडं आत. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडलं. गाइड भुताची गोष्ट सांगतील, तुम्ही त्यांना खडीन दाखवायला सांगा. उताराच्या टोकाला लांब मातीचा बांध घालायचा, खडकाळ माळावरचं पावसाचं पाणी त्यामागे अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा, ही पालीवालांची युक्ती. अशी काही खडीनं आजही पिकतात. जिथे वर्षाला जेमतेम १५-२० सेंटिमीटर पाऊस पडतो तिथे गव्हाचं हिरवं शेत समोर आलं की मराठवाड्यातल्या माणसाला तिथून हलवत नाही.

याच परिसरात डेझर्ट नॅशनल पार्क आहे आणि त्यात माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तोच पक्षी. आता देशात त्याचा मुख्य आसरा जैसलमेरच. सुदासरीच्या बाजूला जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आदल्या दिवशी काढा आणि पहाटे जा. दिसला तरी गाडीतून उतरू नका.

सीमेकडचा दिवस

जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला आणि परत: सुमारे ३०० किलोमीटर. सकाळी सातला निघा, पाचला परत या. रामगढला पेट्रोल पूर्ण भरा. त्यापुढे पंप आणि मोबाइलची रेंज यांचा भरवसा नाही, तेव्हा नकाशा आधी उतरवून ठेवा. तनोटमातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं आणि १९६५ च्या युद्धात मंदिराच्या आवारात पडून न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवले आहेत. लोंगेवाल्याला ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या पंजाब रेजिमेंटच्या तुकडीने रणगाड्यांचा हल्ला रोखून धरला, उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. मोडलेले रणगाडे तिथेच उभे आहेत. तनोटच्या पुढे प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायला परवानगी लागते. मूळ आधार कार्ड सर्वांचं जवळ ठेवा, फोनमधला फोटो चालेलच असं नाही. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांच्यासाठी सीमाभागाचे नियम वेगळे आहेत, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आधी विचारा. ड्रोन घरीच ठेवा. ठाणी, जवान आणि लष्करी ताफे यांचे फोटो काढू नका.

परतीचा दिवस

गाडी दुपारची असेल तर सकाळ गडीसर तळ्यावर घालवा. नळ येण्याआधी शतकानुशतकं सगळं शहर या एका तळ्याचं पाणी प्यायलं. बाजारातून घोटुवां लाडू घ्या, आठवडाभर टिकतात. केर-सांगरी सुकी विकत मिळते. घेताना सांगरी बारीक आणि हिरवट तपकिरी बघून घ्या. जाड, फुगलेल्या शेंगा जून असतात. घरी रात्रभर ताकात भिजवायची, तरच केरचा कडूपणा जातो.

बॅगेची चेन बंद करायच्या आधी मऊ ब्रशने झटका, वाळूचे कण अडकून ती गाडीत तुटते. बुटांचे तळवे काढून उलटे आपटा. आणि मोज्यांची घडी घालण्याआधी एकदा हात फिरवून बघा, भुरटाचं एखादं बोंड उरलेलं असतंच.